लाल दाराबाहेरचा थोरला

काका, तुमचं लाल दार सध्या माझ्या अंगणात उभं आहे. चर्चच्या हॉलला रंग द्यायचं ठरलं तेव्हा पाळकसाहेब म्हणाले, "बाई, हे भंगार तेवढं कुठंतरी हलवा." भंगार म्हटल्यावर माझं डोकं फिरलं. त्याच तिरमिरीत मी टेम्पो बोलावला आणि दार घरी आणलं. आता जाईच्या वेलाशेजारी ना भिंत ना छप्पर, नुसतीच एक चौकट उभी आहे. तिला एक झडप, आणि पडू नये म्हणून खाली तुम्ही ठोकलेल्या जाड फळ्या. आज सकाळी दूधवाल्यानं विचारलं, "म्याडम, दार तर बसवलं, घर कधी बांधायलाव?" मी हसले आणि मग आत जाऊन रडले. तुम्ही असतात तर त्याला तिथंच उभं करून येशूनं सांगितलेला दोन भावांचा अख्खा दाखला ऐकवला असतात आणि त्याचं दूध नासेपर्यंत सोडलं नसतंत.

तुम्ही जाऊन अजून महिनाही झालेला नाही. तुमच्याविषयी चार ओळी लिहा, असं मला चर्चच्या पंचांनी सांगितलंय. जन्म कुठला, नोकरी कुठं केली, निवृत्त कधी झालात, हे सगळं फलकावर लागलेलं आहे, ते पुन्हा लिहायची मला हौस नाही. मला तुमच्याशी भांडायचं आहे. आपलं भांडण अर्ध्यावर राहिलंय, आणि असं वाटेतच उतरून जाणं तुमच्यासारख्या एसटीच्या कंडक्टरला शोभत नाही.

आठवतं का, पहिल्या रविवारी मी तुमच्याकडे कशी बघत होते? रविवारच्या शाळेतला मोठ्या मुलांचा वर्ग म्हणजे आठवी ते बारावीची पोरं, एखाददुसरं त्याच्याही पुढचं. लातुरात या वयाची पोरं म्हणजे ट्यूशनची पोरं. रविवारी त्यांची टेस्ट असायची. टेस्ट चुकवून चर्चमध्ये आली तरी शास्त्राच्या, म्हणजे बायबलच्या, पुस्तकाखाली बायलॉजीचं पुस्तक असायचं. मी शाळेत शिकवते म्हणून पाळकसाहेबांनी मला तिथं बसवलं, आणि एसटीतून नुकतेच निवृत्त झालेले तुम्ही आपण होऊन आलात. पहिला अर्धा तास माझा, वचनं पाठ करून घेण्याचा. उरलेला वेळ तुमचा. माझा अर्धा तास संपला तशी पोरं माना टाकून बसली होती. तुम्ही खिशातून तिकिटाचा जुना पंच काढलात, बाकावर टकटक वाजवलात आणि ओरडलात, "चला, फुडं सरका, मागं लई जागा हाय!" पोरं दचकून खरंच पुढं सरकली. माझ्या मनात आलं, हा माणूस देवाच्या वचनाची एसटी करणार. तशी ती तुम्ही केलीतच.

वाटेत पडलेल्या जखमी माणसाचा दाखला शिकवायचा तर तुम्ही एका पोराला ट्यूशनच्या गल्लीत सायकलीसकट आडवं पाडलंत आणि बाकीच्यांना समोरच्या जिन्यात लपवलंत, कोण थांबतंय ते बघायला. गाड्या गेल्या, मास्तर गेले, आपल्याच चर्चचे एक पंच मान वळवून गेले. थांबले ते रसवंतीवाले रहीमचाचा. गुऱ्हाळ सोडून धावत आले, पोराचं डोकं मांडीवर घेतलं, तोंडावर पाणी मारलं. नाटक आहे हे कळल्यावर त्यांनी तुम्हाला जे सुनावलं ते मी इथं लिहू शकत नाही. तुम्ही खाली मान घालून सगळं ऐकलंत आणि पुढच्या रविवारी त्यांनाच वर्गात घेऊन आलात. पोरांनी विचारलं, चाचा, तुम्ही का थांबलात? चाचा गोंधळले. "का थांबलो म्हंजे? पोरगं पडलंय न, मग थांबायचं न्हाई तर काय करायचं?" तुम्ही माझ्याकडे असं बघत होतात, जसं काही चाचांना तुम्हीच शिकवून आणलं होतं.

मी तुम्हाला म्हणाले होते, काका, हे सगळं ठीक आहे, पण पोरांना वचन एक पाठ नाही. तुम्ही म्हणालात, "पाठ करून घ्यायला तुमी हायत की, मास्तरीणबाई. मी आपला शिटा भरून देतो."

आणि मग हे दार आलं. कुठल्याशा पाडलेल्या क्वार्टरचं, भंगारातून उचललेलं. तुम्ही त्याला एसटीचा लाल रंग दिलात आणि हॉलच्या मधोमध उभं केलंत. कापणीच्या सणाआधीच्या रविवारी दोन भावांचा दाखला व्हायचा. धाकटा घर सोडून जातो, सगळं उधळतो, फाटका होऊन परत येतो. बाप त्याला मिठी मारतो, मेजवानी मांडतो. शेतातून दमून आलेला थोरला मात्र चिडतो आणि आत यायला तयार होत नाही. बाप बाहेर येऊन त्याची समजूत घालतो, आणि गोष्ट तिथंच संपते. थोरला आत गेला की नाही, ते शास्त्र सांगत नाही.

तुम्हाला ती न सांगितलेलीच जागा हवी होती. चिठ्ठ्या टाकायच्या. कुणी बाप, कुणी धाकटा, बाकीचे पाहुणे. ज्याला थोरला निघेल तो दाराबाहेर. बोलणं लिहून दिलेलं नाही, ज्यानं त्यानं आपापलं बोलायचं. आत खरोखरीचं मटण आणि भाकरी. थोरल्याला वाटलं तर त्यानं आत यायचं, पण आत आल्याशिवाय ताट नाही. दरवर्षी मी नाक मुरडायचे आणि दरवर्षी रस्साही मीच करायचे. एका वर्षी पातेल्याचं झाकण निघताच थोरल्यानं दार ढकललं. बाप झालेल्या पोराला उठायलासुद्धा वेळ मिळाला नाही. तुम्ही त्याला कॉलर धरून परत बाहेर काढलंत. "ह्यो थोरला न्हाई, ह्यो भुकेला हाय. उतर खाली, परत चढ!"

मग करुणाचं वर्ष आलं. करुणा उमरीकडची. धाकटा भाऊ अकरावीला लातुरात आला म्हणून आईबापांनी त्याला खोली घेऊन दिली आणि स्वयंपाक करून घालायला हिला सोबत धाडलं. हिची बारावी झालेली, चांगले मार्क, नर्सिंगला जायचं होतं. भावाचं होऊ दे, मग तुझं बघू, असं घरी ठरलं होतं. वर्गात ती कधी तोंड उघडायची नाही. त्या दिवशी थोरल्याची चिठ्ठी तिला निघाली.

ती बाहेर उभी राहिली आणि आत आलीच नाही. भाकरी वाढून झाल्या, रस्सा गार व्हायला लागला. बाप झालेला पोरगा बसल्या जागेवरून ओरडत होता, "ये की गं आत, सगळं तुझंच हाय." तेव्हा ती बोलली, "माझं हाय म्हणूनच येईना. मी आत आले तर भांडी बी मलाच घासायची हायत." सगळे हसले. मग हळूहळू हसणं थांबलं. तिचा भाऊ पाहुण्यांत बसला होता, त्यानं हातातला घास ताटात ठेवला.

तुम्ही उठलात. दोन ताटं वाढून घेतलीत, पायानं दार ढकललंत आणि बाहेर जाऊन तिच्याशेजारी फरशीवर मांडी घातलीत. एक ताट तिच्यापुढं सरकवलंत आणि विचारलंत, "मीठ कमी पडलंय का गं?" तिनं भाकरीचा तुकडा रश्शात बुडवून खाल्ला. मग म्हणाली, "रस्सा पातळ झालाय." रस्सा मी केला होता.

मी किती भडकले होते! पोरं गेल्यावर मी म्हणाले, "काका, नियम तुमचा आणि मोडलातही तुम्हीच. आत आल्याशिवाय ताट नाही ना?" तुम्ही तिच्या भावाला हाताशी घेऊन भांडी घासत बसला होतात. हात राखेचे होते. म्हणालात, "बाई, गोष्टीत बाप बाहेर येतो का न्हाई?" मी म्हणाले, बाप तो पोरगा होता, तुम्ही नव्हता. "त्यो बसूनच बोलावून राहिला व्हता. बूड हाललं न्हाई त्याचं. मग कुणीतरी उठायला पाहिजे न."

पुढं तुम्ही एसटीचा पास घेऊन उमरीला जाऊन आलात. तिच्या बापाशी काय बोललात ते तुम्ही मला कधी सांगितलं नाहीत आणि मीही विचारलं नाही. जूनमध्ये करुणा नांदेडला नर्सिंगला गेली आणि तिचा भाऊ मेसचा डबा खायला लागला. कुकर लावायला तोही शिकला म्हणे नंतर.

ती जायच्या आधी झालेल्या त्या वर्षीच्या शास्त्र परीक्षेनं आपली लाज काढली. बाहेरच्या परीक्षकांनी एक चकवा घातला होता: थोरला मुलगा मेजवानीला गेला काय? एका वाक्यात उत्तर लिहा. उत्तर अगदी सोपं होतं, शास्त्रात तसं सांगितलेलं नाही. इतर गावच्या पोरांनी ते बरोबर लिहिलं. आपला अख्खा वर्ग चुकला! एकानं लिहिलं, गेला, पण भावाशी बोलला नाही. एकानं लिहिलं, मटणाचा वास आल्यावर गेला. करुणानं लिहिलं, तो बाहेरच राहिला, मग बाप ताट घेऊन त्याच्याजवळ येऊन बसला. पोरांनी ती गोष्ट इतक्या वेळा केली होती की आपण केलेलं कुठलं आणि पुस्तकातलं कुठलं, हेच त्यांना कळेना. परीक्षकांनी शेरा मारला की या वर्गाला शास्त्राची ओळख करून द्यावी. मी शाळेत शिकवणारी बाई. माझं तोंड एवढंसं झालं.

तो शेरा घेऊन मी तुमच्यावर चालून आले. तुम्ही हॉलच्या पायरीवर बसला होतात. वाचून इतके हसलात की ठसका लागला. "बघा काय केलंत ते," मी म्हणाले. "पोरं शास्त्रात स्वतःची भर घालायला लागलीत." तुम्ही डोळे पुसत म्हणालात, "भर कुठं घातली, बाई? जागा मोकळी व्हती, बसली बिचारी." मी म्हणाले, मोकळी असली तरी ती जागा आपली नाही. देवानं गोष्ट जिथं थांबवली तिथं आपण थांबायचं, आणि हे तुम्ही पोरांना शिकवायला हवं होतं. मला आजही तसंच वाटतं, काका. तुम्ही गेलात म्हणून मी माघार घेणार नाही.

पण त्या दिवशी तुम्ही हातातला पंच उगाच उघडझाप करत बसलात आणि मग खाली बघत म्हणालात, "मी बी बाहेरचाच हाय, बाई."

तेव्हा मला पहिल्यांदा कळलं की औशात तुम्हाला एक धाकटा भाऊ आहे. रत्नाकर. कुणालाच न सांगता तो हैदराबादेला निघून गेला होता, आणि वडील आधीच वारलेले. आईचं सगळं तुम्ही केलंत. आणि आई रोज संध्याकाळी त्याचं ताट वाढून झाकून ठेवायची, येईल पोरगं, उपाशी झोपायला नको म्हणून. "मी ड्यूटीवरनं दमून येयाचो. माझं मला वाढून घ्यावं लागायचं. त्याचं मातर झाकलेलं. आन सकाळी ते टाकायचं कसं, म्हणून मीच खायाचो. लई वर्षं त्याचं शिळं खाल्लं मी."

आई गेली आणि त्यानंतर तो आला, हातात एक पिशवी घेऊन. तुम्ही घराची किल्ली त्याच्यासाठी शेजारणीकडे दिलीत आणि काकूंना घेऊन लातूरला राहायला आलात. पुढं एकदा तो तुमच्याच गाडीत चढला. हे सांगताना तुमचा आवाज अगदी साधा होता, जसा कुठला थांबा आला ते सांगताना असायचा. "म्हणला, दादा. म्या म्हणलं, कुठं? म्हणला, लातूर. तिकीट दिलं. फुडं सरका म्हणलं."

"आणि बोलणं?" मी विचारलं.

"झालं की. कुठं म्हणून इचारलं न म्या."

तिथून पुढं दरवर्षी दार हॉलमध्ये आलं की मी तेच म्हणायचे. औसा कुठं लांब आहे, गाडीत बसा आणि जा. काकू गेल्यावर तर मी जास्तच मागं लागले. घरात तुम्ही एकटे, तिकडं तो एकटा. तुम्ही पोरांना सगळं शिकवलंत आणि स्वतः तेवढं एक करत नव्हतात, याचा मला राग यायचा. आणि तुम्ही दाखल्यातच खोट काढायचात. "धाकट्याचं चुकलंय तिथं. सांगावा द्यायला गडी भेटला, समजूत घालायला बाप आला. धाकटा काय करत व्हता? आत बसून खात व्हता. एकडाव उठून दारापातूर यायला काय झालतं त्याला?"

"असं शास्त्रात नाही, काका."

"न्हाईच तर. म्हणून तर आमचं आडलंय."

मी रस्सा ढवळायला निघून जायचे.

गेल्या वर्षी पोरांनीच हट्ट धरला की काकांचीही चिठ्ठी टाका. टाकली, आणि नेमकी थोरल्याचीच तुम्हाला निघाली. पोरांना आनंद झाला. सगळी आत जाऊन बसली आणि ओरडायला लागली, या काका, या काका! तुम्ही दाराबाहेर उभे राहिलात. आधी खूप नक्कल केलीत, खांद्यावर खोटी कुदळ घेतलीत, घाम पुसलात. पोरं हसून लोळायला लागली. मग नक्कल संपली आणि तुम्ही नुसतेच उभे होतात. हात चौकटीवर होता. मी पातेल्यापाशी होते, मला तुमचा चेहरा दिसत होता. मी मनात म्हणत होते, जा, एक पाऊल टाका, हा काही औसा नाही, भंगारातलं दार आहे. आणि तुम्ही पंच वाजवलात. "चला, टाइम झाला, जेवून घ्या समदे!" बाजूनं वळसा घालून तुम्ही वाढायला आलात. पोरांच्या ते लक्षातही आलं नाही. मी तुमच्याकडे बघितलं तर म्हणालात, "फुडच्या वर्षी, मास्तरीणबाई."

तुमच्या शेवटच्या आजारात दवाखान्यात मी रोज संध्याकाळी यायचे. दम लागत होता तरी बोलायची हौस जात नव्हती. लहानपणी पाठ केलेलं स्तोत्र म्हणू लागलात आणि मधेच अडलात. मी पुढची ओळ सांगितली. मग तुमची ओळ, माझी ओळ, असं करत आपण शेवटापर्यंत गेलो. तुम्ही डोळे मिटून म्हणालात, "पाठांतर कामाला आलं बरं का." इतक्या वर्षांत तुम्ही माझ्या अर्ध्या तासाचं केलेलं कौतुक तेवढंच. ते मी जपून ठेवलंय. त्याच संध्याकाळी मी विचारलं, "काका, औशाला कळवू?" तुम्ही खिडकीकडे तोंड केलंत आणि म्हणालात, "आता गाडी नसंल." खाली रस्त्यावरून औशाच्या गाड्या जात होत्या. हॉर्न मलाही ऐकू येत होता आणि तुम्हालाही.

म्हणून मी कळवलं नाही. तुम्ही हो म्हणाला नव्हतात. पण काका, तुम्ही नको असंही म्हणाला नव्हतात, आणि हे मला सुचलं तेव्हा फार उशीर झाला होता.

दफनाला तुमचा भाऊ दिसला नाही. तिसऱ्या दिवसाच्या प्रार्थनेला आवारात मांडव घातला होता. पोरांनी हॉल मोकळा करताना हे दार बाहेर काढून फाटकापाशी भिंतीला टेकवून ठेवलं होतं. प्रार्थना झाली, पंगत बसली. वरण, भात, वांग्याची भाजी. करुणा नांदेडहून आली होती. आता ती तिथल्या दवाखान्यात नर्स आहे, माहीत आहे ना? आल्यापासून रडली नव्हती, नुसती वाढत होती. तिनंच मला विचारलं, "बाई, फाटकाबाहेर ते कोण उभे हायत?"

मी बघितलं. तुमचेच कान, तुमचीच उभं राहायची ढब, हात मागं बांधलेले. औशाला बातमी एसटीनंच गेली असणार. मी म्हणाले, "काकांचे धाकटे भाऊ." पंचांपैकी कुणीतरी त्यांना हाक मारली, या की आत. त्यांनी मान हलवली आणि तिथंच राहिले. पंच पुन्हा जेवायला बसले.

करुणानं दोन ताटं वाढली. मला काही विचारलं नाही. ती फाटकाबाहेर गेली आणि खाली रस्त्याच्या कडेलाच बसली. ते गोंधळले, पण बसले. मी मागं गेले होते म्हणून मला ऐकू आलं. ती म्हणत होती, "मीठ कमी पडलंय का हो काका?"

तुमचे भाऊ माझ्याकडे बघून म्हणाले, "बाई, दादा कधी माझं नाव काढायचा का?" खोटं बोलणं मला जमत नाही, तुम्हाला ठाऊक आहे. मी म्हणाले, "नाव नाही काढायचे. पण दरवर्षी पोरांना तुमची गोष्ट सांगायचे." कुठली, हे त्यांनी विचारलं नाही. त्यांनी ते लाल दार बघितलं.

मग ते म्हणाले, "म्या आलतो गेल्या सणाआदी. हितंच, फाटकात हुबा व्हतो. आत हालमधे दादा ह्याच दाराम्होरं हुबा व्हता, माझ्याकडं पाठ करून. पोरं वरडून राहिली व्हती, या काका, या काका. म्या म्हणलं, दादा आत गेला की आपण बी जायाचं त्याच्या मागं. त्यो गेलाच न्हाई. मग म्या बी माघारी गेलो."

काका, ऐकलंत का? धाकटा आला होता. दारापातूर आला होता. तो आत बसून खात असेल असं धरून तुम्ही समोर बघत राहिलात, आणि तो तुमच्या पाठीशी उभा होता. एकदा तरी मागं वळून बघायचं होतं हो! प्रवासी राहिला का म्हणून हजार वेळा मागं वळून बघणारे तुम्ही. मी तुमच्यावर इतकी चिडलेय की मला रडूही येत नाही. आणि हे तुम्हाला सांगता येत नाही म्हणून येतंही.

जेवण झाल्यावर त्यांनी करुणाकडे आणखी एक ताट मागितलं. तिला वाटलं, भूक राहिली असेल. त्यांनी ते भात-भाजी वाढलेलं ताट मांडीवर घेतलं आणि वर दुसरं ताट पालथं घातलं. "आमची आई ठेवायची," म्हणाले. "माझ्यासाठी झाकलेलं सकाळी दादा खायाचा. शेजारनीनं सांगितलं मला, म्या परत आल्यावर." ते झाकलेलं ताट खांद्यावरच्या पंच्यात बांधून, दोन्ही हातांत धरून ते औशाच्या गाडीत चढले. करुणा गाडी हलेपर्यंत खाली उभी होती. गाडी गेल्यावर ती रडली, रस्त्यातच, भरपूर.

सण आता जवळ आलाय. दार माझ्या अंगणातून परत हॉलमध्ये जाईल, पाळकसाहेब काय म्हणायचं ते म्हणोत. चिठ्ठ्या टाकू, थोरल्याला बाहेर उभं करू. शेवट शास्त्रात नाही, हे मात्र मी पोरांना आधीच बजावून सांगणार आहे, परीक्षेत पुन्हा लाज नको. रत्नाकरकाकांना मी बोलावलंय. धाकट्याचं काम कराल का, असं विचारलं तर नको म्हणाले, रस्सा करतो म्हणाले. करुणानं त्यांना सांगितलंय की बाईंचा पातळ होतो.

आणि एक राहिलंच. ते ताट घेऊन गेले त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी मी शाळेत जायला निघाले होते, तेवढ्यात औशाहून फोन आला. मी हॅलो म्हणाले. पलीकडे रत्नाकरकाका होते. मग ते म्हणाले, "बाई, दादाचं खाल्लं म्या," आणि फोन ठेवला.